नवरा-बायकोची स्पेन-पोर्तुगाल ग्रुप टूर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून आम्ही दोघं ऑक्टोबरमध्ये एका टूर कंपनीबरोबर स्पेन आणि पोर्तुगाल बघून आलो. १२ रात्री, ३४ माणसं, त्यात बहुतेक जोडपी आणि बरोबर मराठी टूर मॅनेजर. आल्यापासून ठाण्यातल्या मैत्रिणी, माझ्या बहिणी, नवऱ्याच्या ऑफिसातले लोक सगळे तेच तेच प्रश्न विचारतात. फोनवर घाईत सांगताना नेमकं महत्त्वाचं राहून जातं, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

स्वतःचं स्वतः न जाता ग्रुप टूर का घेतली?

आम्हा दोघांनाही स्पॅनिश येत नाही, पोर्तुगीज तर नाहीच. सहा शहरं, सहा हॉटेलं, मधली रेल्वे, मोठ्या वास्तूंची वेळ ठरवून घ्यायची तिकिटं, हे सगळं जुळवण्यात दोन-तीन महिने गेले असते आणि तिथे गेल्यावरही डोक्याला तीच काळजी राहिली असती. नवऱ्याला या सहलीत मोबाइलमध्ये डोकं घालून नकाशे बघायचे नव्हते. एका जागी चार-पाच दिवस निवांत राहायचं असेल तर मात्र स्वतंत्र जा, ग्रुप टूरमध्ये ती चैन मिळत नाही.

तुमचा मार्ग कसा होता?

बार्सिलोना ३ रात्री, माद्रिद २, ग्रानादा १, सेव्हिया २, लिस्बन ३, पोर्तो १. माद्रिदहून तोलेदो आणि लिस्बनहून सिंत्रा दिवसाभरात केलं. ग्रानादाहून सेव्हियाला जाताना वाटेत कोर्दोबाला थांबलो. बार्सिलोना ते माद्रिद अंतर ६०० किलोमीटरच्या वर आहे, पण वेगवान रेल्वेनं तीन तासांच्या आत पोचलो. बाकी सगळा प्रवास बसनं.

टूर कंपनी निवडताना काय बघायचं?

माझं सांगणं एकच आहे: शहरांची नावं मोजू नका, तास मोजा. दहा दिवसांत चौदा शहरं असं जाहिरातीत छान दिसतं, पण त्यातल्या निम्म्या ठिकाणी तुम्ही बसमधून उतरता, फोटो काढता आणि परत चढता. कार्यक्रमपत्रिका हातात घेऊन बसा आणि प्रत्येक हॉटेलात किती रात्री आहेत ते लिहून काढा. रोज हॉटेल बदलत असेल तर रोज सकाळी सहाला बॅगा दाराबाहेर ठेवायच्या, हे धरून चाला.

दुसरं म्हणजे शब्द बघा. बार्सिलोनाच्या प्रसिद्ध चर्चचंच उदाहरण घ्या: ‘सग्रादा फमिलिया बघणे’ आणि ‘सग्रादा फमिलियात प्रवेश’ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. कंपनीला मेल करून प्रत्येक वास्तूसाठी सरळ विचारा की तिकीट काढून आत नेणार का? उत्तर लेखी घ्या.

तिसरी गोष्ट आमच्या बाबतीत घडली. लिस्बनचा बेलेंचा भाग आमच्या पत्रिकेत सोमवारी होता आणि तिथला जेरोनिमोस मठ सोमवारी बंद असतो. कंपनीत हे कुणीच ताडून पाहिलं नव्हतं. सगळे बंद दारासमोर फोटो काढून निघाले. मला त्या मठातली वास्को द गामाची कबर बघायचीच होती, म्हणून दुसऱ्या दिवशी मोकळ्या वेळात आम्ही दोघं १५ नंबरची ट्राम पकडून परत गेलो. तुम्ही पैसे भरण्याआधी वार तपासा. माद्रिदचं राइना सोफिया संग्रहालय, जिथे पिकासोचं ‘गेर्निका’ हे चित्र आहे, ते मंगळवारी बंद असतं.

व्हिसा एकच लागतो की दोन?

एकच, शेंगेन व्हिसा; तो दोन्ही देशांत चालतो. ज्या देशात जास्त रात्री मुक्काम, त्या देशाकडे अर्ज करायचा; रात्री सारख्या असतील तर जिथे आधी उतरणार त्या देशाकडे. आमच्या ८ रात्री स्पेनच्या होत्या म्हणून अर्ज स्पेनकडे गेला. मोठ्यांसाठी शुल्क ९० युरो, शिवाय अर्ज घेणाऱ्या केंद्राचं सेवाशुल्क. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा आणि दहा वर्षांच्या आत काढलेला हवा, दोन पानं कोरी हवीत.

कागद कंपनी लावून देते, बोटांचे ठसे द्यायला मात्र स्वतः जावं लागतं. आधीच्या शेंगेन व्हिसाला दिलेले ठसे ५९ महिन्यांपर्यंत चालतात. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. मे महिन्यासाठी जानेवारीतच हालचाल करा, सुट्ट्यांच्या आधी तारखा मिळत नाहीत.

बायको नोकरी करत नसेल तर नवऱ्याचं खर्च करणार असल्याचं पत्र आणि लग्नाचा दाखला जोडावा लागतो. दोघांच्या पासपोर्टवर एकमेकांची नावं आहेत ना, स्पेलिंग तेच आहे ना, हे आधी पाहा. आमच्या गटातल्या एका ताईंचं माहेरचं आडनाव पासपोर्टवर होतं. तसं चालतं, फक्त लग्नाचा दाखला हाताशी हवा.

१२ ऑक्टोबर २०२५पासून युरोपात शिरताना ठसे आणि फोटो घेण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे. पहिल्या वेळी रांगेत जास्त वेळ जातो.

कोणत्या महिन्यात जावं?

एप्रिल-मे किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. शाळांच्या सुट्टीमुळे जूनमध्येच जाणं भाग असेल तर सेव्हिया आणि कोर्दोबा जपून. तिथे उन्हाळ्यात ४० अंशांच्या वर पारा जातो आणि दुपारी दगडी गल्ल्या भट्टीसारख्या तापतात. आपण विदर्भ-मराठवाड्याचे असलो तरी तिथे आपण भर दुपारी उन्हात उभे असतो, घरात पंख्याखाली नसतो. पोर्तोला ऑक्टोबरात पाऊस लागला. छत्रीपेक्षा टोपीवालं जाकीट बरं, वाऱ्यानं छत्री उलटते.

बसचा प्रवास त्रासाचा आहे का?

रस्ते गुळगुळीत आहेत, त्रास होतो तो बसून बसून. सेव्हियाहून लिस्बनला पोचायला थांबे धरून अख्खा दिवस जातो. युरोपात चालकाला साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटांची विश्रांती घ्यावीच लागते, दिवसाला साधारण ९ तासांच्या वर चालवता येत नाही आणि त्याचा सगळा हिशेब गाडीतल्या यंत्रात नोंदला जातो. म्हणून ‘अजून अर्धा तास थांबू या का’ असं कितीही गोड बोलून विचारलं तरी चालकाला हो म्हणता येत नाही. गटातल्या काहींना हा त्याचा आडमुठेपणा वाटला, तो तसा नव्हता.

जुन्या गावांच्या आत मोठी बस जाऊ शकत नाही. ती वेशीबाहेर सोडते, पुढे चालायचं. बसमधल्या जागा रोज बदलतात, हे फार चांगलं असतं.

गुडघेदुखी आहे, झेपेल का?

रोज सात-आठ किलोमीटर चालण्याची तयारी हवी. निघायच्या दोन महिने आधीपासून सवय करा. ग्रानादाच्या अल्हाम्ब्रा किल्ल्यातच तीनेक किलोमीटर चालणं होतं आणि मध्ये बसायच्या जागा कमी आहेत. तोलेदो टेकडीवर आहे, पण खालून वर जायला सरकते जिने आहेत. सेव्हियाच्या कॅथेड्रलच्या हिराल्दा मनोऱ्यात जिन्याऐवजी उतार आहे, त्यामुळे माझ्यासारखीला वरपर्यंत जाता आलं. सगळ्यांत जपायचं ते लिस्बनला. तिथले पदपथ पांढऱ्या-काळ्या छोट्या दगडांच्या नक्षीचे आहेत, दिसायला अतिशय सुंदर, पण पावसात साबणासारखे निसरडे. नवे बूट नेऊ नका. वापरून मऊ झालेले, तळाला खाच असलेले बूट न्या.

जोडप्यांना खोली कशी मिळते?

हे कुणी आधी सांगत नाही. दोघांची खोली म्हटलं की बहुतेक ठिकाणी दोन सिंगल पलंग जोडून ठेवलेले मिळतात, वर दोन वेगळ्या चादरी. मोठा एकच पलंग हवा असेल तर स्पेनमध्ये ‘कामा दे मात्रिमोनिओ’, म्हणजे लग्नाचा पलंग, असं मागायचं. बुकिंग करतानाच कंपनीला कळवा. खोल्या लहान असतात, दोन मोठ्या बॅगा एका वेळी उघडता येत नाहीत. आम्ही एक मोठी आणि दोन केबिन बॅगा नेल्या, ते बरं पडलं. बाथरूममध्ये जेट स्प्रे नसतो. काही ठिकाणी बिदे, म्हणजे धुण्यासाठीचं बसकं भांडं, असतो. छोटी बाटली जवळ ठेवा.

गटात राहून दोघांना स्वतःचा वेळ मिळतो का?

मिळतो, पण तो मागून घ्यावा लागतो. ऑप्शनल टूर सगळ्याच घ्यायच्या नसतात. आम्ही दोन सोडल्या. एका संध्याकाळी गट खरेदीला गेला तेव्हा आम्ही प्रादो संग्रहालयात गेलो. माद्रिदच्या प्रादोत सोमवार ते शनिवार संध्याकाळी ६ ते ८ मोफत प्रवेश असतो. साडेपाचलाच रांगेत उभे राहिलो, दोन तासांत फक्त वेलाझ्केझ आणि गोया या चित्रकारांची दालनं बघितली. ‘लास मेनिनास’ हे वेलाझ्केझचं १६५६चं चित्र माणसापेक्षा उंच आहे. त्यात आरशात राजा-राणी दिसतात, म्हणजे ते आपल्या जागी उभे आहेत. नवरा त्या चित्रासमोरून हलेचना. आत फोटो काढायला बंदी आहे, त्यामुळे सगळे खरोखर बघत असतात.

वेगळं जायचं असेल तर टूर मॅनेजरला सांगून जा, हॉटेलचं कार्ड जवळ ठेवा आणि परतायची वेळ पाळा. तुमच्यामुळे तेहतीस जण थांबले की पुढच्या मोकळ्या वेळावर गदा येते.

एकच वास्तू आतून बघायची असेल तर कोणती?

एक नाही सांगता येणार, तीन सांगते.

ग्रानादाचं अल्हाम्ब्रा. इथे गाभा आहे तो नस्रिद या सुलतान घराण्याच्या महालांचा. त्यांच्या तिकिटावर अर्ध्या-अर्ध्या तासाची वेळ छापलेली असते, ती चुकली की प्रवेश नाही. तिकीट नावावर असतं आणि मूळ पासपोर्ट दाखवावा लागतो. आमच्या गटातल्या एका काका-काकूंनी पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत ठेवले होते, टॅक्सीनं धावत जाऊन आणावे लागले. काही कंपन्या फक्त बागा आणि किल्ल्याचं तिकीट काढतात, म्हणून ‘नस्रिद महाल’ हे दोन शब्द पत्रिकेत शोधा. आत भिंतभर कोरीव अक्षरं आहेत, छतातून मधाच्या पोळ्यासारखी नक्षी खाली उतरते आणि मधल्या चौकात बारा संगमरवरी सिंहांच्या पाठीवर कारंज्याचं भांडं आहे. २ जानेवारी १४९२ रोजी इथल्या शेवटच्या सुलतानानं हा गड स्पेनचे राणी-राजा इसाबेला आणि फर्नांदो यांच्या हवाली केला. त्याच वर्षी कोलंबस निघाला.

कोर्दोबाची मेस्किता. ७८५च्या सुमारास मशीद म्हणून सुरू झालेली वास्तू, १२३६नंतर चर्च. आत शिरल्यावर खांबच खांब, आजही ८५० हून जास्त. जुन्या रोमन इमारतींचे आयते खांब वापरले, ते बुटके पडले, म्हणून छत उंच करायला कमानीवर दुसरी कमान चढवली. लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या त्या दुहेरी कमानी म्हणजे अडचणीतून निघालेला मार्ग आहे. मी एका खांबाला टेकून उभी राहिले होते. दगड गार होता आणि हाताच्या उंचीवर किती लोकांच्या स्पर्शानं तुळतुळीत झाला होता.

आणि बार्सिलोनाची सग्रादा फमिलिया. काम १८८२ला सुरू झालं, पुढच्या वर्षी वास्तुकार अंतोनी गावदीकडे आलं आणि १९२६मध्ये ट्रामखाली सापडून तो गेला तेव्हा थोडंच झालं होतं. शक्य असेल तर दुपारनंतरची वेळ मागा. पश्चिमेच्या काचा लाल-केशरी आहेत, ऊन कललं की अख्खा दगड पेटल्यासारखा होतो. सकाळी पूर्वेकडून निळा-हिरवा उजेड येतो, तोही शांत वाटतो.

शाकाहारी लोकांचे हाल होतात का?

रात्रीचं जेवण बहुतेक कंपन्या भारतीय हॉटेलात देतात, त्यामुळे उपाशी कुणी राहत नाही. प्रश्न दुपारचा. तिथे ‘भाजीचा पदार्थ’ म्हणून मागवलं तरी वर हॅमचे तुकडे भुरभुरलेले असू शकतात, त्यांच्या लेखी ते मांस मोजत नाहीत. म्हणून ‘सिन कार्ने, सिन हामोन, सिन पेस्कादो’ असं तिन्ही सांगायचं: मांस नको, हॅम नको, मासे नकोत. पोर्तुगालमध्ये ‘सेंम’ म्हणायचं. भाजीच्या पाएयातही (हा तिथला भाताचा पदार्थ) रस्सा मांसाचा किंवा माशाचा असू शकतो. पोर्तुगालचं ‘काल्दु व्हेर्द’ हे हिरव्या पानांचं सूप दिसायला निष्पाप, पण त्यात सॉसेजची चकती असते.

निर्धास्त खाता येतं ते: टोमॅटो चोळलेला पाव, पाद्रोनच्या तळलेल्या मिरच्या, बटाट्याचे ‘पातातास ब्रावास’ आणि सेव्हियातली पालक-छोले भाजी, जी खाताना आम्हाला घरची आठवण आली. ‘तोर्तिया’ म्हणजे तिथे अंडं-बटाट्याचा जाड पोळा, मेक्सिकन पोळी नव्हे. लिस्बनच्या कस्टर्डच्या ‘पाश्तेल द नाता’त अंडं असतं. बेलेंमधल्या १८३७पासूनच्या दुकानात ते गरम मिळतात, वर दालचिनी भुरभुरून खायचे.

पोर्तुगालमध्ये बसल्याबसल्या न मागता पाव, ऑलिव्ह, चीज आणून ठेवतात. ते फुकट नसतं. नको असेल तर हात न लावता परत करायचं, कुणी वाईट मानत नाही.

चोऱ्या खरंच होतात का?

हो. बार्सिलोनाचा रांब्ला हा गजबजलेला रस्ता, मेट्रो आणि लिस्बनची २८ नंबरची ट्राम इथे विशेष. अंगावर कुणी येत नाही, हात हळूच पर्समध्ये जातो. पैसे आणि पासपोर्ट कपड्यांच्या आत, पर्स पोटासमोर, मोबाइल हॉटेलच्या टेबलावर ठेवायचा नाही. ग्रानादा-सेव्हियात बायका हातात सुगंधी रोजमेरीची काडी देतात आणि मग पैसे मागतात. काडी घेऊच नका. मदतीचा नंबर ११२. पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसात तक्रार, मग माद्रिद किंवा लिस्बनच्या भारतीय वकिलातीत. पासपोर्ट आणि व्हिसाची छायाप्रत एकमेकांच्या बॅगेत ठेवा.

खर्चात लपलेलं काय असतं?

चालक-गाइडच्या टिपा, शहराचा पर्यटक कर आणि दुपारची जेवणं आहेत की नाहीत, हे विचारा. परदेशी पॅकेजवर टीसीएस, म्हणजे पैसे भरतानाच घेतला जाणारा कर, कापला जातो. तो तुमच्या पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्रात वळता करून घेता येतो, फक्त कोणाच्या पॅनवर भरायचा ते दोघांनी आधी ठरवा. तिथे कार्ड वापरताना मशीन ‘रुपये की युरो’ विचारतं, नेहमी युरो निवडा.

घड्याळ, पाणी, प्लग, सिम?

पोर्तुगाल स्पेनच्या एक तास मागे. स्पेनचं घड्याळ १९४०मध्ये मध्य युरोपाशी जुळवलं गेलं ते आजही तसंच आहे, त्यामुळे तिथे सूर्य उशिरा मावळतो आणि जेवणं रात्री नऊनंतर सुरू होतात. वेळेवर गोळ्या घेणाऱ्यांनी सीमा ओलांडताना लक्ष ठेवा. नळाचं पाणी पिता येतं. प्लग दोन गोल पिनांचा. युरोपसाठीचं एकच सिम दोन्ही देशांत चालतं.

फ्लामेंको बघावं की फादो?

फ्लामेंको म्हणजे स्पेनचं नाच-गाणं आणि फादो म्हणजे पोर्तुगालचं विरहाचं गाणं. दोन्ही, पण एकच परवडत असेल तर मी फादो सांगेन. दिवे मंद करतात, वाढपीसुद्धा थांबतात, बारा तारांची पोर्तुगीज गिटार सुरू होते आणि बाई माइकशिवाय गाते. त्या वेळी बोलायचं नाही, ताटाचा आवाज करायचा नाही. शब्द कळत नाहीत, विरह मात्र कळतो. फ्लामेंकोत टाळ्यांचा ताल कलाकारांचा असतो, मध्ये आपण टाळ्या धरू नयेत.

पोर्तुगाल गोव्यासारखं आहे का?

पणजीच्या फोंताइन्यास या जुन्या वस्तीत फिरलेल्या माणसाला लिस्बनच्या आल्फामा या जुन्या भागात ओळखीचं वाटतं: रंगीत भिंती, छोट्या बाल्कन्या, निळ्या फरशांवरची नावं. पण मला खरी ओळख पटली ती भाषेत. लिस्बनच्या हॉटेलात रिसेप्शनवरची मुलगी ‘शाव्ह’ म्हणत किल्ली पुढे करत होती. नवरा म्हणाला, ‘अगं, चावी म्हणतेय ती.’ तेव्हापासून आम्ही शब्द वेचायला लागलो. पोर्तोच्या बोल्याँव बाजारात भाजीवाल्यांच्या पाट्या वाचत गेलो: बटाट्यावर ‘बताता’, पानांच्या जुडीवर ‘कोव्ह’, पलीकडे ‘अननाश’, ‘काजू’. पाव, कोबी, घमेलं, बालदी, फीत, लिलाव, नाताळ, पाद्री, सगळे तिथलेच. ‘पगार’ हे तर त्यांचं पैसे चुकते करण्याचं क्रियापद. आणि आपला हापूस आफोंसो या नावावरून आला. गटातल्या वसईच्या एका जोडप्याला तर एवढे शब्द ओळखीचे लागले की बाजारवाल्या आजींनी त्यांना दोन सफरचंदं तशीच दिली.

जेरोनिमोस मठाचं काम १५०१च्या सुमारास सुरू झालं. पूर्वेकडच्या मसाल्याच्या व्यापारावरच्या करातून त्याचा खर्च भागला. दगडात जहाजाचे दोर कोरले आहेत. वास्को द गामाची कबर चर्चमध्ये शिरल्यावर डावीकडे आहे, त्यावर जहाज कोरलेलं. तो १५२४मध्ये कोचीत वारला, आधी तिथेच पुरला होता. तिथे उभं राहून अभिमान वाटला नाही आणि रागही आला नाही. आपल्या किनाऱ्यावरची मिरी, गोव्यातली साडेचारशे वर्षं, गोवामुक्तीचा १९ डिसेंबर १९६१, सगळं एकदम मनात आलं. चिमाजी अप्पांनी १७३९मध्ये वसई घेतली तेव्हाच्या चर्चच्या घंटा आज भीमाशंकर, मेणवली आणि नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आहेत. पोर्तोला संध्याकाळी घंटा वाजायला लागल्या तेव्हा आम्हाला त्याच आठवल्या.

येताना काय आणावं?

लिस्बनमधून हातानं रंगवलेली एखादी फरशी, पोर्तुगालच्या बुचाच्या झाडाच्या सालीची पाकिटं (हलकी असतात आणि पाण्यानं खराब होत नाहीत), स्पेनमधून ला मांचाचं केशर आणि ऑलिव्ह तेल. तेल चेक-इन बॅगेतच, दोन प्लास्टिक पिशव्यांत गुंडाळून. खरेदीवरचा कर परत मिळवण्याचे कागद युरोप सोडताना शेवटच्या विमानतळावर, बॅगा देण्याआधी दाखवायचे असतात. आम्ही बॅगा आधी दिल्या आणि वस्तू दाखवता आल्या नाहीत, तेवढं तुम्ही टाळा.